कुष्ठरोग: यादीतले रुग्ण वेगळे, नवे रुग्ण वेगळे

३० जानेवारी, म्हणजे कुष्ठरोग निवारण दिन, जवळ आला की दरवर्षी तेच. एक बातमी म्हणते, जिल्ह्यात कुष्ठरोग दहा हजारी एकाच्या आत. दुसरी म्हणते, शोधमोहिमेत इतके नवे रुग्ण सापडले, चिंता वाढली. वाचणाऱ्याला वाटतं, यातलं एक कुणीतरी थापा मारतंय. दोन्ही बातम्या खऱ्या असतात. त्या निरनिराळ्या गोष्टी मोजतात, एवढंच.

पहिला आकडा ओळखीचा आहे. ३१ मार्चला ज्यांचे उपचार चालू आहेत असे रुग्ण, दहा हजार लोकसंख्येमागे. १९९१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हाच दर एकाच्या खाली आणायचं ठरवलं आणि डिसेंबर २००५ मध्ये भारत ०.९५ वर पोचला. याला दूरीकरण म्हणतात. निर्मूलन देवीचं झालं, कुष्ठरोगाचं नाही. ‘कुष्ठरोगमुक्त’ असं ठळक मथळ्यात छापणाऱ्यांना हे एकदा कुणीतरी सांगा.

दुसरा आकडा वर्षभरात नव्याने निदान झालेल्यांचा, आणि तो लाखामागे देतात. त्यामुळे ०.९ शेजारी ९ दिसला की दसपट वाढ झाली म्हणून गहजब होतो. छेद बघायची सवय नसली की असं होतं.

खरी गोम मात्र पहिल्या आकड्यामागच्या, उपचार चालू असलेल्यांच्या यादीत आहे. उपचार पूर्ण झाले की रुग्णाचं नाव यादीतून कमी होतं. यात लबाडी काही नाही, रोग बरा झालेला असतो. पण त्यामुळे यादीची लांबी दोन गोष्टींवर ठरते: दरवर्षी किती नावं चढतात आणि प्रत्येक नाव किती काळ राहतं. दोन लाख वस्तीचा एक तालुका मनाशी धरा. वर्षाला २४ नवे रुग्ण. उपचार दोन वर्षांचे असतील तर यादीत कधीही ४८ जण, म्हणजे दहा हजारी २.४. एक वर्षाचे असतील तर १.२. सहा महिन्यांचे, तर ०.६, आणि तालुक्याने ‘उद्दिष्ट गाठलं’. नवे रुग्ण तिन्ही वेळा २४च!

हे नुसतं कागदी गणित नाही. जास्त चट्टे असलेल्या, म्हणजे सांसर्गिक, रुग्णांचा बहुविध औषधोपचार पूर्वी २४ महिने चाले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो १२ महिन्यांवर आला. असांसर्गिकांचा सहा महिन्यांचा आहे. पुढे, २००५ नंतरही, देशात दशकभर दरवर्षी सव्वा ते दीड लाख नवे रुग्ण सापडत राहिले.

मग नव्यांचा आकडा तरी बिनचूक का? तोही नाही. तो शोधणाऱ्याच्या पायपिटीवर चालतो. २०१९-२० मध्ये देशात सुमारे १ लाख १४ हजार नवे रुग्ण होते, २०२०-२१ मध्ये सुमारे ६५ हजार. जंतूंनी टाळेबंदी पाळली नव्हती. आशाताई घरोघरी जाऊ शकत नव्हत्या. शिवाय लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. म्हणून मोहिमेनंतर ‘रुग्ण वाढले’ लिहिणं मला साफ नामंजूर आहे. सापडले, असं लिहा.

जिथे रोग कमी आहे तिथे मी या दोन्ही दरांपेक्षा नव्या रुग्णांत कोण कोण आहे ते आधी बघतो. मुलं असतील तर लागण अलीकडची आणि जवळचीच आहे. रोग खरोखर ओसरत असेल तर मुलं कमी होतात, सरासरी वय चढतं आणि सांसर्गिक प्रकाराचा वाटा वाढतो, कारण तो उगवायला जास्त वर्षं घेतो. हा वाटा वाढला म्हणून घाबरवणाऱ्या बातम्या बऱ्याचदा उलट्या वाचलेल्या असतात. निदानाच्या दिवशीच बोटं वाकडी झालेले किती, हा आकडा मात्र कसाही वाचला तरी वाईटच. रोग दुर्मीळ झाला की डॉक्टरांच्या डोक्यातूनही जातो; फिकट चट्टा नायटा ठरतो, मलमाच्या ट्यूबा संपत राहतात, आणि तिथे स्पर्श कळतो का हे कापसाच्या बोळ्याने कुणी तपासतच नाही.