धुऱ्यावरची साडी खत होत नाही

रोही (नीलगाय), डुकरं येऊ नयेत म्हणून वावराभोवती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जुन्या साड्या बांधतात. नंतर काढत का नाही, असं विचारलं की ‘पावसात कुजतात, खतच होतं,’ हे ठरलेलं उत्तर. सुती लुगड्यांच्या काळी ते खरं होतं. आजच्या बहुतेक स्वस्त साड्या पॉलिस्टरच्या, म्हणजे प्लास्टिकच. उन्हानं चिंध्या होतात, धागे मातीत राहतात. काठाचा एक धागा पेटवून बघा: सुताची भुरी राख, जळक्या कागदाचा वास, पॉलिस्टर वितळून कडक मणी. हेच पॉलिस्टरचे धागे वेचणीत कापसात गेले, तर जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करताना, सगळे निघत नाहीत, आणि सुताचा रंग त्यांना चढत नसल्यानं कापडावर डाग दिसतात. साड्या बांधा, डुकरं थोडीच ऐकणार! पण हंगाम संपला की फाटायच्या आत सोडा. धड साडी पुढच्या साली चालते, सुती असली तर वाकळीत जाते.