जकात शून्य, नाका कायम: ब्रेक्झिटची पार्श्वभूमी

जीएसटी येईपर्यंत, म्हणजे १ जुलै २०१७ पर्यंत, मुलुंडच्या किंवा दहिसरच्या जकात नाक्यावर रांगेत उभ्या राहिलेल्या ट्रकवाल्याला विचारा. जकातीचे पैसे त्याला फारसे आठवणार नाहीत, ते मालकाने भरले. त्याला आठवेल ती रात्र. ब्रेक्झिट समजून घ्यायला ही रांग बरी पडते, कारण युरोपीय संघातून बाहेर पडताना ब्रिटनने जो करार केला, त्यात आयात शुल्क शून्यच राहिलं. परत आला तो नाका.

जानेवारी २०२१ मध्ये हा बदल टीव्हीवरच दिसला. ब्रिटनहून बोटीने आलेल्या ट्रकचालकांचे डबे डच कस्टम्सवाले उघडून बघत होते आणि हॅम सँडविच जप्त करत होते. संघाबाहेरच्या देशातून मांस आणायचं नाही, हा नियम जुनाच होता. फक्त ब्रिटन आता बाहेरचा देश झाला होता.

मुळात हा देश आत आला तोच उशिरा आणि काहीसा नाइलाजाने. १९५७ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी रोममध्ये करार करून सामायिक बाजारपेठ उभी केली, तेव्हा लंडनची नजर राष्ट्रकुलाकडे आणि अमेरिकेकडे होती. १९६० मध्ये ब्रिटनने सात देशांचा वेगळा गट काढला, एफ्टा. पण खरी वाढ त्या सहांच्या घरात होते आहे हे दिसायला लागलं आणि पुढच्याच वर्षी पंतप्रधान मॅकमिलन यांनी तिकडे अर्ज केला. फ्रान्सच्या द गॉल यांनी १९६३ मध्ये नकार दिला, १९६७ मध्ये पुन्हा दिला. द गॉल पायउतार झाल्यावरच दार उघडलं आणि १ जानेवारी १९७३ ला एडवर्ड हीथ यांनी ब्रिटनला आत नेलं. तेव्हा ब्रिटनने सोडलेला पहिला व्यापारी गट खरं तर एफ्टा. त्यावरून कुणी रस्त्यावर उतरलं नाही. चिंता होती ती न्यूझीलंडच्या लोणी उत्पादकांना, कारण त्यांचं मोठं गिऱ्हाईक दुसऱ्या घरी नांदायला निघालं होतं.

१९७५ मध्ये सार्वमत झालं आणि ६७ टक्क्यांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला. त्या प्रचारात मार्गारेट थॅचर राहण्याच्या बाजूने होत्या, हे आज अनेकांना खरं वाटत नाही. त्याहून मोठी गंमत पुढे आहे. आयात शुल्क उठलं तरी युरोपात सरहद्दीवर ट्रक थांबतच होते. प्रत्येक देशाचं मानक वेगळं, तपासणी वेगळी, कागद वेगळे. नाका शुल्क शून्य झाल्याने उठत नाही. शेजाऱ्याने केलेली तपासणी आपली मानली तरच तो उठतो. हे घडवून आणण्यासाठी १९८५ मध्ये सुमारे ३०० कायदेशीर बदलांची यादी तयार केली ती लॉर्ड कॉकफिल्ड यांनी, म्हणजे थॅचरबाईंनीच ब्रसेल्सला पाठवलेल्या माणसाने. १९९३ च्या सुरुवातीला एकसंध बाजारपेठ अस्तित्वात आली. पण नियम एक हवे तर ते करणारी सत्ता एक हवी आणि भांडण सोडवणारं कोर्टही एक हवं. ही दुसरी बाजू दिसल्यावर थॅचर बिथरल्या. १९८८ चं त्यांचं ब्रुजमधलं भाषण हे हुजूर पक्षातल्या युरोपविरोधाचं मूळ मानलं जातं.

पुढचा इतिहास भराभर सांगता येतो. सप्टेंबर १९९२ मध्ये पौंड युरोपच्या विनिमय दर यंत्रणेतून, म्हणजे चलनांचे दर एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेतून, फेकला गेला. २००४ मध्ये दहा नवे देश संघात आले आणि मोठ्या देशांपैकी एकट्या ब्रिटनने त्यांच्या कामगारांना पहिल्या दिवसापासून दार उघडं ठेवलं. २००८ च्या मंदीनंतर पगार खुंटले, सरकारी खर्चाला कात्री लागली आणि राग त्या दाराकडे वळला. पक्षातली कटकट कायमची मिटवायची म्हणून हुजूर पक्षाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी सार्वमताचं आश्वासन दिलं. २३ जून २०१६ ला ५१.९ टक्के लोकांनी 'बाहेर' म्हटलं. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी आणि उत्तर आयर्लंडने सुमारे ५६ टक्क्यांनी 'आत' म्हटलं होतं.

बाहेर म्हणजे नेमकं कुठे, हे मतपत्रिकेवर लिहिलेलं नव्हतं. माझ्या मते पुढच्या सगळ्या राजकीय पडझडीचं कारण हेच आहे. नॉर्वेसारखं संघाबाहेर पण बाजारपेठेत राहायचं, की सगळंच तोडायचं? कॅमेरून यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या थेरेसा मे यांचा संघाशी ठरलेला करार जानेवारी २०१९ मध्ये संसदेत ४३२ विरुद्ध २०२ मतांनी आपटला. त्यांच्या जागी आलेल्या बोरिस जॉन्सन यांनी संसद स्थगित केली, ती स्थगिती सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींनी एकमताने रद्द ठरवली आणि तरीही त्याच वर्षी डिसेंबरात जॉन्सन ८० जागांच्या बहुमताने निवडून आले. लोक कंटाळले होते. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला. व्यापार करार २४ डिसेंबरला, जुने नियम चालू ठेवण्याच्या मुदतीला आठवडा उरला असताना झाला.

आर्थिक फटका नक्की किती, यावर वाद आहे, कारण त्याच काळात कोविड आला आणि मग युक्रेनचं युद्ध. डिसेंबर २०२० मध्ये केंटमध्ये अडकलेल्या हजारो ट्रकचे जे फोटो ब्रेक्झिटच्या नावाने फिरतात, ती रांगही मुळात नव्या विषाणूच्या भीतीने फ्रान्सने सरहद्द बंद केल्यामुळे लागली होती. तरी अर्थसंकल्पावर स्वतंत्र देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटिश कार्यालयाचा अंदाज आहे की, आत राहिला असता त्या तुलनेत देशाची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील, आयात-निर्यात सुमारे १५ टक्क्यांनी. एका दिवसात काही कोसळलं नाही. मोठ्या कंपन्यांनी कस्टम्सचे एजंट नेमले. चीज, मासे, रोपं पाठवणाऱ्या छोट्यांना दर खेपेला आरोग्य प्रमाणपत्र आणि मालाच्या उगमाचा दाखला परवडेना, आणि त्यातल्या अनेकांनी युरोपचं गिऱ्हाईकच सोडलं.

आता आपल्याकडचा धागा. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली होती, कारण खेपांमध्ये फळमाशी सापडत होती. ब्रिटन हापूसचं मोठं गिऱ्हाईक, पण एकट्याने निर्णय घ्यायची त्याला सोय नव्हती. ब्रसेल्सच्या जाचाचं याहून सोपं उदाहरण कुठलं मिळणार? पण ब्रिटनच्या कृषी खात्याने त्या बंदीची पाठराखणच केली होती, त्यांना आपल्या टोमॅटो-काकडीची काळजी होती. जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठली. २०१६ च्या प्रचारात दक्षिण आशियाई हॉटेलवाल्यांना सांगण्यात आलं की, पोलंडहून येणारे थांबले की तुमचे आचारी येतील. आचाऱ्यांचे व्हिसा काही त्या बेताने सोपे झाले नाहीत. युरोपातून येणारे मात्र घटले आणि भारतातून विद्यार्थी, परिचारिका, डॉक्टर मोठ्या संख्येने गेले. स्थलांतर कमी करायला बाहेर पडलेल्या देशात २०२३ पर्यंत निव्वळ स्थलांतर वर्षाला नऊ लाखांच्या वर गेलं होतं. भारताशी मुक्त व्यापार करार 'दिवाळीपर्यंत' होईल असं जॉन्सन २०२२ मध्ये म्हणाले होते. सह्या झाल्या २४ जुलै २०२५ ला.

पण नाक्याची खरी गोष्ट आयर्लंडची आहे. १९२१ च्या फाळणीत उत्तर आयर्लंड ब्रिटनकडे राहिलं, बाकीचं बेट वेगळं झालं. तेव्हा आखलेली ही सरहद्द सुमारे ५०० किलोमीटर लांब आहे, शेतांतून, कुठे कुठे घरांतूनही जाणारी. १ एप्रिल १९२३ ला तिच्यावर कस्टम्सच्या चौक्या बसल्या. उत्तर आयर्लंड कुणाचं, यावरून पुढे उसळलेल्या हिंसाचाराच्या काळात त्या चौक्या आयत्या लक्ष्य ठरल्या. १९७२ मध्ये न्यूरीच्या कस्टम्स कार्यालयात स्फोट होऊन नऊ जण मेले. १९९३ मध्ये एकसंध बाजारपेठेने कस्टम्सची गरज संपवली आणि १९९८ मध्ये हा हिंसाचार थांबवणाऱ्या गुड फ्रायडे करारानंतर लष्करी बुरूजही उतरले. कुंपण नाही, फाटक नाही, रस्त्याच्या पाट्यांवर मैलांचे किलोमीटर झाले की समजायचं देश बदलला.

ब्रिटन बाहेर पडल्यावर युरोपीय संघाची हद्द याच शेतांतून जाणार होती. तिथे चौकी बसवायची कुणाचीच हिंमत नव्हती. पण नियम वेगळे झाले की माल कुठेतरी तपासावाच लागतो. जॉन्सन यांनी नाका समुद्रात नेला. उत्तर आयर्लंड मालाच्या बाबतीत युरोपचे नियम पाळेल आणि तपासणी ग्रेट ब्रिटनहून येणाऱ्या मालाची होईल. म्हणजे लिव्हरपूलहून बेलफास्टला, एकाच देशात, माल पाठवताना कागद भरायचे. ब्रिटनशी नातं हेच ज्यांचं राजकारण, त्या युनियनिस्टांना हे घरातून वेगळं काढल्यासारखं वाटलं. त्यांच्या डीयूपी पक्षाने फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षं प्रांताचं सरकार चालू दिलं नाही. २०२३ च्या विंडसर तडजोडीने बंदरावर दोन मार्गिका केल्या. उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्या मालाला हिरवी, पुढे युरोपात जाऊ शकणाऱ्या मालाला लाल. पुढच्या वर्षी सरकार परत आलं तेव्हा प्रथम मंत्री झाल्या मिशेल ओनील. एकसंध आयर्लंड मागणाऱ्या पक्षाकडे हे पद पहिल्यांदाच गेलं.

मे २०२५ मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी युरोपशी नवी तडजोड केली. खाद्यपदार्थांची तपासणी कमी व्हावी म्हणून ब्रिटन युरोपचे नियम त्यांच्या बदलांसकट मानायला तयार झाला, नियम ठरवताना मत मात्र देणार नाही. समुद्रातल्या मार्गिकांचं काय करायचं, हे बेलफास्टच्या विधानसभेला ठराविक वर्षांनी ठरवावं लागतं. डिसेंबर २०२४ मध्ये व्यवस्था चालू ठेवण्याचा ठराव संमत झाला, एकाही युनियनिस्ट मताशिवाय. दोन्ही समाजांचा, म्हणजे युनियनिस्टांचा आणि एकसंध आयर्लंड मागणाऱ्यांचा, पाठिंबा मिळाला असता तर पुढचं मतदान आठ वर्षांनी झालं असतं. आता ते चार वर्षांनी होईल.