बाटली फेकू नका : लेन्सच्या सोल्युशनमुळे डोळा बिघडला तर ग्राहक आयोगात दावा कसा लावायचा

डोळा लाल झाला, की घरातून पहिला हुकूम सुटतो : ते लेन्स-बिन्स आधी टाकून दे. मग कॉन्टॅक्ट लेन्स जातात, त्यांची डबी जाते, लेन्स धुण्या-ठेवण्याच्या द्रवाची, म्हणजे सोल्युशनची अर्धी बाटलीही जाते. लेन्स काढणं बरोबरच आहे. पण पुढे कधी दावा लावायचा झाला, तर त्याचा निम्मा पुरावा घंटागाडीत बसून गेलेला असतो.

हे इतकं का महत्त्वाचं, ते अमेरिकेतल्या एका प्रकरणावरून कळतं. बॉश अँड लॉम्ब कंपनीचं ‘रेन्यू विथ मॉइश्चरलॉक’ हे सोल्युशन वापरणाऱ्यांच्या बुबुळाला फ्युजेरियम नावाच्या बुरशीचा संसर्ग होऊ लागला. फेब्रुवारी २००६ मध्ये सिंगापूर आणि हाँगकाँगमध्ये त्याची विक्री थांबली, एप्रिलमध्ये अमेरिकेत, आणि १५ मे रोजी कंपनीने ते जगभरातून कायमचं मागे घेतलं. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य यंत्रणेने १६४ रुग्णांची खात्री केली. त्यांपैकी ५५ जणांवर बुबुळाचं प्रत्यारोपण करावं लागलं किंवा करायचं ठरलं होतं. मौज अशी, की ही बुरशी ना कारखान्यात सापडली ना सीलबंद बाटल्यांत. संशय गेला तो सोल्युशनच्या घटकांवर आणि ते वापरताना, डबीत सुकताना काय होतं त्यावर.

पुढे फ्युजेरियमच्या सुमारे ६०० दाव्यांत कंपनीने तडजोड केली आणि सुमारे २५ कोटी डॉलर मोजले. मात्र ज्यांच्या डोळ्यांत दुसराच जंतू निघाला होता, त्यांचा संसर्गही सोल्युशनमुळेच झाला हे त्यांच्या तज्ज्ञाचं मत २००९ मध्ये न्यायालयाने ग्राह्य धरलं नाही. सोल्युशन तेच, डोळ्याचा त्रासही तसाच, पण प्रयोगशाळेच्या कागदावरचं जंतूचं नाव वेगळं. दावा तरतो किंवा बुडतो तो त्या कागदावर.

पहिल्या दोन दिवसांत

औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणून घालू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर बुरशीला मोकळं रान मिळतं. थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि बुबुळ खरवडून नमुना तपासायला पाठवायचा का, हे औषध सुरू होण्याआधीच विचारा. थेंब सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडेलच असं नाही. जाताना लेन्स, डबी आणि बाटली सोबत न्या, त्यांचीही तपासणी होऊ शकते. बाटली परत मिळाल्यावर झाकण घट्ट लावून स्वच्छ पिशवीत ठेवा आणि लॉट नंबर (एकत्र बनवलेल्या मालाचा क्रमांक), मुदत, परवाना क्रमांक, उत्पादक व आयातदाराचा पत्ता दिसेल असे फोटो काढा. त्याच लॉटची न उघडलेली बाटली घरात असेल तर ती सोन्यासारखी जपा. उघड्या बाटलीतला जंतू कंपनीकडून आला की तुमच्या बोटांवरून, हा वाद कधी संपत नाही.

दावा कोण लावू शकतो

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात ‘उत्पादन दायित्व’ हे नवं प्रकरण आलं. सदोष वस्तूमुळे शरीराला इजा झाली, आजार झाला, त्यातून मनस्ताप झाला, तर त्याची भरपाई उत्पादकाकडे मागता येते. बिल तुमच्याच नावावर हवं असं नाही. बाटली वडिलांनी आणली आणि त्यांच्या संमतीने तुम्ही वापरली, तरी तुम्ही ग्राहकच. मूल अल्पवयीन असेल तर आईवडील किंवा पालक, ग्राहकाचा मृत्यू झाला असेल तर वारस तक्रार करू शकतात. एकाच लॉटमुळे अनेकांना त्रास झाला असेल तर आयोगाच्या परवानगीने सर्वांसाठी मिळून एक तक्रार लावता येते. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा मात्र यात बसत नाही.

वस्तू कंपनीने किंवा सरकारी यंत्रणेने परत मागवलेली असणं ही अट नाही. परत मागवली असेल तर तो जोरदार आधार, पण तेवढ्याने काम भागत नाही. तुमची बाटली त्याच लॉटची होती आणि तुमचा आजार तिच्यामुळेच झाला, हे दाखवावं लागतं. उत्पादनातला दोष, रचनेतला दोष, किंवा वापराच्या पुरेशा सूचना व इशारा नसणं, यांपैकी एक गोष्ट पुरे. तिसरा मुद्दा लोक विसरतात. जुन्या सोल्युशनमध्येच नवं ओतू नये, हे लेबलवर ठळक लिहिलं होतं का, ते नीट पाहा. कारण समोरची बाजू हमखास ‘तुम्ही चुकीचं वापरलं’ असंच म्हणणार, आणि गैरवापर सिद्ध झाला तर कायदा दुकानदाराला सोडतो, इशारा दिलेला असेल तर उत्पादकालाही बचाव मिळतो.

उत्पादक परदेशात बसलेला असेल तर? आयोगाची नोटीस त्याच्यापर्यंत पोहोचत नसेल किंवा आयोगाचा आदेश त्याच्यावर चालत नसेल, तर विकणाऱ्याला जबाबदार धरता येतं, आणि आयातदार या व्याख्येत विकणाराच असतो. म्हणून विरुद्ध पक्ष लिहिताना उत्पादक, आयातदार आणि दुकान तिघांचीही नावं घाला. ऑनलाइन घेतलं असेल तर विक्रेत्याचा पूर्ण तपशील त्या संकेतस्थळाकडे लेखी मागा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तो द्यावा लागतो.

तक्रार लावण्याची मुदत दोन वर्षांची आहे. सुरक्षित हिशोब असा, की पहिल्यांदा निदान झालं त्या तारखेपासून मोजा. उशीर झाला तर कारणासह विलंब माफीचा अर्ज जोडता येतो, पण डोळ्यावर उपचार चालू होते एवढंच लिहून भागेल यावर विसंबू नका.

कुठे, आणि किती फीत

इथे कायदा अनपेक्षितपणे उदार आहे. कोणत्या आयोगाकडे जायचं हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर वस्तूसाठी मोजलेल्या पैशावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. सोल्युशनची बाटली काही शे रुपयांची, त्यामुळे डोळा गेल्याची भरपाई कितीही मागितली तरी दार जिल्हा आयोगाचंच. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. आणि तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यातही तक्रार लावता येते. कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असलं तरी लातूरच्या माणसाने लातूरलाच लावावी. लोक अजूनही ‘ग्राहक मंच’ म्हणतात, कागदावर मात्र ‘जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग’ असं लिहा. वकील सक्तीचा नाही. वैद्यकीय कारणमीमांसेचा वाद असेल तर मात्र मी वकील लावा असंच सांगेन.

कागद

तक्रार अर्ज, त्यासोबतचं शपथपत्र, घटनांची तारीखवार यादी, कागदपत्रांची सूची, ओळख व पत्त्याचा पुरावा हे नेहमीचं. त्याखाली खरा गठ्ठा : बिल, बाटलीचे फोटो, लेन्सचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, पहिल्या दिवसापासूनचे केसपेपर, जंतू तपासणीचा रिपोर्ट, आधीचा आणि नंतरचा दृष्टीचा नंबर, औषधांची व प्रवासाची बिलं, बुडलेल्या पगाराचं पत्र. दुकानाने बिलच दिलं नसेल तर यूपीआयची नोंद किंवा कार्डाचं विवरण लावा. बिल न देणं ही स्वतःच अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेही अर्जात लिहा. रुग्णालय रेकॉर्ड द्यायला टाळाटाळ करत असेल तर लेखी मागणी करा. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारनियमांप्रमाणे ७२ तासांत ते द्यावं लागतं.

सर्वांत कठीण कागद म्हणजे नेत्रतज्ज्ञांचं मत. डॉक्टर ‘सोल्युशनमुळेच झालं’ असं लिहायला सहसा तयार नसतात. हट्ट धरू नका. जंतू कोणता, लेन्स व डबीत तोच सापडला का, संसर्गाची दुसरी कारणं दिसली का, एवढ्या तीन गोष्टी त्यांनी लिहून दिल्या तरी पुरतं.

प्रक्रिया

आधी रजिस्टर्ड पोस्टाने तिन्ही विरुद्ध पक्षांना नोटीस धाडा. कायद्याने ती सक्तीची नाही, पण त्यांचं उत्तर पुढे उपयोगी पडतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. तिथे तडजोड होते, निकाल होत नाही. याच वेळी दोन वेगळ्या खिडक्यांवर कळवा : वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद घेणारा भारतीय फार्माकोपिया आयोगाचा क्रमांक १८००-१८०-३०२४, आणि जिल्ह्यातलं अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय. औषध निरीक्षक दुकानातून त्याच लॉटचा नमुना उचलू शकतो. ते काम तुम्हाला स्वतः कधीच करता येणार नाही.

तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवर भरायची. १ जानेवारी २०२५ पासून हे सुरू झालं, जुन्या ‘ई-दाखिल’ची जागा त्याने घेतली. खातं उघडा, पीडीएफ चढवा, पोच जपून ठेवा. कागदी संच किती हवेत हे आयोगाच्या कार्यालयात फोन करून विचारा. दाखल करून घ्यायचं की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरतं. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५. सुनावणीला व्हिडिओवरून हजर राहण्याची परवानगी मागता येते.

वस्तू तपासल्याशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. त्याची फी तुम्हाला भरावी लागते. म्हणूनच ती न उघडलेली बाटली जपायची. तपासणी असेल तर पाच महिन्यांत निकाल, असं कायदा म्हणतो. तारखा पडत जातात, वर्ष-दोन वर्षं धरून चाला.

मधल्या काळात कंपनीकडून नवी बाटली किंवा बिलाचे पैसे देऊ केले जातील. घ्यायला हरकत नाही, फक्त ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे शब्द असलेल्या कागदावर सही करू नका. निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं. अपील कंपनीने केलं तर तिला आदेशातली निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते.