नावडती, त्राटिका, खाष्ट सासू : मराठी गोष्टीतली दुष्ट बाई कुठून आली

मराठीत 'नावडती' हा शब्द मुळात दुष्ट बाईसाठी नाहीच. श्रावणी सोमवारच्या शिवामुठीच्या कहाणीत राजाला चार सुना असतात, तीन आवडत्या आणि एक नावडती. नावडतीला जेवायला उष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गुरांचं बेडं. ती बिचारी दर सोमवारी तांदूळ, तीळ, मूग, जव अशी मूठ वाहते आणि सासू-सासरे, दीर, नणंदा-जावा, भ्रतार अशी सगळी यादी घेऊन 'नावडती आहे ती आवडती कर रे देवा' म्हणत राहते. कहाणीची नायिका तीच. तिला छळणाऱ्यांची नावं नाहीत, चेहरे नाहीत, छळण्याचं कारणही नाही. ऐकणाऱ्या बायकांना ते सांगावं लागत नसे.

कारण सांगण्याची गरज पडली ती महाकाव्यांत, आणि तिथे ते फार नेमकं सांगितलेलं आहे. वाल्मीकीच्या अयोध्याकांडात मंथरा प्रासादावर चढते, सजलेली नगरी बघते आणि रामाला युवराज करणार हे तिला एका दाईकडून कळतं. ती कैकेयीकडे जाते, तर कैकेयी खूश होऊन तिला दागिना काढून देते. इथवर कैकेयीत वाईट काही नाही. मंथरेचा पहिला डाव फुकट गेलेला असतो. मग ती दागिना भिरकावते आणि एकेक मुद्दा काढते. भरत मामाकडे आहे, कौसल्येपुढे तुला दासीसारखं उभं राहावं लागेल, आणि सगळ्यात धारदार मुद्दा हा, की नवऱ्याची लाडकी म्हणून तू आजवर कौसल्येचा पाणउतारा केलास, ती आता उट्टं काढल्याशिवाय राहील का? कैकेयी बधते ती या मुद्द्यांपुढे. मुलाच्या राज्याच्या लोभापेक्षा सवतीच्या सूडाची भीती मोठी. मग क्रोधागार, जमिनीवर विखुरलेले दागिने, जुने दोन वर, चौदा वर्षं वनवास.

पुढच्या भक्तिपर रामायणांना हे झेपलं नाही. अध्यात्म रामायणात देवच वाणीला मंथरेच्या आणि कैकेयीच्या तोंडी पाठवतात, तुलसीदासांकडेही सरस्वती मंथरेची बुद्धी फिरवते. रामकार्य व्हायला हवं होतं, त्यासाठी या दोघी निमित्तमात्र. भक्ताच्या दृष्टीने हे सोयीचं असेल, पण पात्र म्हणून कैकेयी तिथे संपते. वाल्मीकीची कैकेयी घाबरलेली आहे, म्हणून ती खरी वाटते.

वाल्मीकीच्या या प्रसंगात पुढे मराठीत शतकानुशतकं चालणारी एक गोष्ट दिसते : दुष्ट बाई स्वतः हात उगारत नाही. ती बोलते, रुसते, निरोप देते, निरोप अडवते. हत्यार जिभेचं, वार दुसऱ्याच्या हातून.

हात उगारणारीचं नाव वेगळं आहे : त्राटिका. विश्वामित्राच्या सांगण्यावरून रामाने मारलेली ताटका राक्षसीण मराठी तोंडी त्राटिका झाली आणि पुढे कुठल्याही कजाग, फटकळ बाईला लागली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी शेक्सपिअरच्या हट्टी बायकोला वठणीवर आणण्याच्या नाटकाचं रूपांतर केलं, तेव्हा त्यांना नाव शोधावं लागलं नाही. 'त्राटिका' म्हटलं की प्रेक्षक आधीच हसायला तयार. शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतराव जोशी नवरा प्रतापराव करत आणि बाळाभाऊ जोग त्राटिका. मूळ इंग्रजी नाटकात नवरा बायकोला उपाशी ठेवून, झोपू न देऊन ताळ्यावर आणतो, आणि आज वाचताना दुष्ट कोण हा प्रश्न उलटाच पडतो. आपल्या शिव्यांच्या कोशाची एक गंमत बघण्यासारखी आहे. सटवी हा शब्द सहाव्या रात्री बाळाचं नशीब लिहिणाऱ्या सटवाईवरून आला, अवदसा लक्ष्मीच्या उलट टोकाची, हडळ आणि जखीण भुतांतल्या. बाईला वाईट म्हणायला आपण शब्द देवघरातून नाहीतर स्मशानातून आणले.

सासू मात्र घरातलीच. तिचं सगळ्यात चांगलं चित्रण भोंडल्याच्या कारल्याच्या गाण्यात आहे आणि ते जवळून बघण्यासारखं आहे. सून माहेरी जाऊ द्या म्हणते. सासू नाही म्हणतच नाही. ती म्हणते, कारल्याचं बी पेर, मग जा. बी पेरलं, आता तरी धाडा. कोंब येऊ दे, मग जा. वेल चढू दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी कर, भाजी खा, उष्टं काढ. दर कडव्याला एक अट, दर अटीला 'सूनबाई' अशी गोड हाक. बी पेरल्यापासून कारलं धरेपर्यंत दीड-दोन महिने सहज जातात, हे फेर धरणाऱ्या प्रत्येकीला माहीत असतं. आवाज न चढवता छळ कसा करावा याचा हा धडाच आहे. शेवटी परवानगी मिळते ती आणा फणी, घाला वेणी अशी, नखऱ्यात. दुसऱ्या एका गाण्यात, रुसलेल्या सुनेला समजवायला सासू, सासरा, दीर, नणंद एकेक दागिना घेऊन येतात, ती हलत नाही, आणि नवरा लाल चाबूक घेऊन येतो तेव्हा निघते. हे गाणं लहान मुली टाळ्या वाजवत म्हणतात.

या गाण्यांमागे खरं वय उभं आहे. मुलगी आठव्या-दहाव्या वर्षी सासरी जायची. संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला तेव्हा शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहाचं बारा झालं, एवढ्यावरून मोठा गदारोळ उठला होता. शारदा कायद्याने १९२९ साली मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा केलं. सासू म्हणजे अशीच आलेली आणि पंधरा-वीस वर्षांनी कोठीच्या किल्ल्या हाती लागलेली बाई. या घरात तिच्या वाट्याला आलेली ही पहिलीच सत्ता, आणि ती चालवायला समोर एकच माणूस. पण हे गाण्यात येत नाही, कारण गाणी सुनेची आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रकल्पात गोळा झालेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांतही जातं ओढणारीचा आवाज पुढे असतो. सासूची बाजू सांगणारं गाणं भोंडल्यात नाही. पुढच्या साहित्यानेही सासू सुनेच्या नजरेतून घेतली आणि तशीच ठेवली.

ऐतिहासिक बायकांत हा शिक्का सगळ्यात घट्ट बसला तो आनंदीबाईवर. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी, म्हणजे भाडोत्री पहारेकऱ्यांनी, नारायणराव पेशव्याचा खून केला. त्याचं वय अठरा. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी दोषी धरलं ते त्याच्या काकाला, रघुनाथरावाला, म्हणजे राघोबादादाला. दंतकथेने मात्र गुन्हा त्याच्या बायकोकडे सरकवला : 'नारायणरावास धरावे' असा हुकूम होता, आनंदीबाईने 'ध'चा 'मा' केला. या गोष्टीची ताकद तिच्या बेतशीरपणात आहे. एक अक्षर, एक काना, एक बोरू. बाई घराबाहेर पडत नाही, तलवारीला हात लावत नाही, तरी राज्य उलथतं. शिवाय राघोबादादाही थोडा सुटतो, त्याने म्हणे नुसतं धरायलाच सांगितलं होतं. तो बदललेला कागद कुणी पुराव्यादाखल पुढे ठेवलेला नाही, तरी 'ध चा मा' हा वाक्प्रचार आज बँकेतल्या चुकीच्या नोंदीलाही लागतो.

खाडिलकरांनी १९०९ साली 'भाऊबंदकी'त याच बाईला रंगभूमीवर आणलं. नवऱ्याच्या कचखाऊपणावर चिडणारी महत्त्वाकांक्षी बायको हा साचा इंग्रजी नाटकं वाचलेल्या पिढीला लेडी मॅकबेथमुळे ओळखीचा होता. पुढे दुर्गा खोटे यांनी 'भाऊबंदकी'तली आनंदीबाई केली आणि शिरवाडकरांच्या 'राजमुकुट' या मॅकबेथच्या रूपांतरातही त्यांनी काम केलं. ही भूमिका आरडाओरडा करून होत नाही. राघोबा जिथे डळमळतो तिथे तिने थांबायचं असतं, त्याला वाटलं पाहिजे की निर्णय आपलाच.

लेखकाने सहानुभूतीचं पारडं हलवलं की तीच बाई कशी बदलते, हे देवयानीवर बघता येतं. महाभारताच्या आदिपर्वात वाऱ्याने कपडे मिसळतात, देवयानी आणि शर्मिष्ठा भांडतात. राजकन्या शर्मिष्ठा देवयानीच्या बापाला आमच्या दारचा भाट म्हणते आणि तिला गवताने झाकलेल्या विहिरीत ढकलून निघून जाते. पहिला गुन्हा शर्मिष्ठेचा, तोही जीवघेणा. देवयानीची शिक्षा अशी, की राजकन्येने हजार दासींसह आपली दासी व्हावं. आता खांडेकरांची १९५९ सालची 'ययाति' घ्या. देवयानी, तिचा नवरा ययाति आणि शर्मिष्ठा, तिघंही आपापल्या तोंडून बोलतात, पण लेखकाचा जीव शर्मिष्ठेत आहे. विहिरीपेक्षा दासीपण जास्त लक्षात राहतं आणि वाचक अहंकारी म्हणून देवयानीला नावं ठेवत पुस्तक मिटतो. निवेदन मिळालं म्हणजे न्याय मिळाला असं नव्हे. गडकऱ्यांच्या 'भावबंधन'मधल्या लतिकेचंही थोडं तसंच आहे. तिने घनश्यामचा अपमान केला, त्याची किंमत नाटकभर मोजली जाते, आणि तिच्या तोऱ्यापेक्षा त्याचं कारस्थान कितीतरी मोठं असूनही प्रेक्षक तिला धडा मिळाला म्हणून सुखावतो.

पडद्यावर हे सगळं एका चेहऱ्यावर गोळा झालं. येवल्यात १९१६ साली जन्मलेल्या ललिता पवार मूकपटांपासूनच्या नायिका. १९४२ साली चित्रीकरणात थप्पड जोरात बसली, चेहऱ्याच्या डाव्या बाजूला पक्षाघात झाला, तीनेक वर्षं उपचार चालले आणि डावा डोळा बारीक राहिला. नायिकेची कामं संपली. पुढे तोच बारीक डोळा सासूचा डोळा झाला. 'रामशास्त्री'त (१९४४) त्या आनंदीबाई, शांतारामांच्या 'दहेज'मध्ये (१९५०) हुंड्यासाठी छळणारी सासू, आणि १९८७ च्या दूरदर्शनवरच्या 'रामायणा'त मंथरा. दुष्ट बाईची मराठी वंशावळ एकाच नटीने केली म्हणायला हरकत नाही. मधे 'अनाडी'त (१९५९) त्यांनी वरून खडूस, आतून मायाळू मिसेस डिसा केली आणि फिल्मफेअर मिळवलं. अपघातामुळे आलेल्या चेहऱ्यावरून प्रेक्षक स्वभाव ठरवत होते, ही गोष्ट मात्र विसरू नये.

खरा उलटफेर तेंडुलकरांनी केला. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये (१९६७) लुटुपुटूच्या खटल्यात बेणारेबाईंना घेरणाऱ्यांत काशीकरबाई आहेत. मूल नसलेल्या, नवऱ्याकडून चारचौघांत गप्प केल्या जाणाऱ्या. मोकळी बाई सापडली की त्यांना पहिल्यांदा आवाज फुटतो. पण कस लागतो तो 'सखाराम बाइंडर'मध्ये (१९७२). टाकलेल्या बायकांना घरात ठेवणाऱ्या सखारामाकडे आधी लक्ष्मी येते, मग चंपा. चंपा दारू पिते, शिव्या देते, तिचा सखारामाच्या मित्राशी, दाऊदशी, संबंध आहे. लक्ष्मी पूजा करते, मुंगळ्याशी बोलते, खालच्या आवाजात वावरते. जुन्या हिशेबाने दुष्ट कोण हे ठरलेलंच. तेंडुलकर मात्र क्रम असा लावतात : पुतण्याच्या घरून हाकललेल्या लक्ष्मीला सखाराम घरात घ्यायला तयार नसतो, तेव्हा तिची बाजू घेते चंपा. पुढे सखाराम लक्ष्मीला बाहेर काढायला निघतो, तेव्हा ती त्याला चंपा आणि दाऊदबद्दल सांगते. एवढंच, सांगते. सखाराम चंपाचा गळा दाबतो आणि मग स्वतःच गार पडतो. डोकं शाबूत राहतं ते लक्ष्मीचं. प्रेत पुरायचं तिला सुचतं, आणि पापी बाई होती हे समाधान तिच्याकडे तयार असतं. मंथरेपासून चालत आलेली जिभेची रीत तीच, फक्त या वेळी जीभ देवभोळ्या बाईची. नाटकावर रान उठलं ते चंपामुळे. लक्ष्मीबद्दल फारशी तक्रार झाली नाही, आणि माझ्या मते नाटकातली खरी भीतिदायक बाई तीच आहे.

ही रीत मोडली की काय होतं ते मालिकांत रोज दिसतं. आठवड्याला सहा भाग, दर भागाला वीस-बावीस मिनिटं, शेवटी उद्यासाठी एक धक्का. कैकेयीची भीती चार-पाच सर्गांत कामाला येते, इथे तिला तीन-चार वर्षं पुरवायची असते. मग कारण संपतं आणि सामान सुरू होतं : दुधात मिसळलेली पूड, जिन्यावर सांडलेलं तेल, फोनवरचा गुंड, एका भुवईवर तीनदा आपटणारं संगीत. बाई हाताने कारस्थान करायला लागली की ती घाबरवत नाही. 'होणार सून मी ह्या घरची'ने (२०१३) सहाच्या सहा सासवा प्रेमळ केल्या, तर दुष्टपणाची जागा रिकामी राहू नये म्हणून तो नायिकेच्या सावत्र आईकडे गेला. 'माझ्या नवऱ्याची बायको'तली नवऱ्याची प्रेयसी शनाया आळशी, लाडावलेली, स्वार्थी, आणि त्यामुळेच बघण्यासारखी होती. तिला काय हवं आहे ते तिला स्वतःला नीट ठाऊक होतं : पैसा, आराम आणि भांडी न घासणं.

शेवंता त्याहून वेगळ्या वाटेने आली. 'रात्रीस खेळ चाले'च्या पहिल्या पर्वात (२०१६) नाईकांच्या वाड्यात तिचं नाव घरच्यांच्या तोंडून ऐकू यायचं, अण्णांची ठेवलेली बाई म्हणून. तीन वर्षांनी दुसरं पर्व आलं ते आधीच्या काळाचं, अण्णा जिवंत असतानाचं. तेव्हा ती समोर आली, स्वतःच्या घरात, स्वतःच्या दारात उभी. प्रेक्षकांनी घराघरांत तिचं नाव घेतलं, आणि अण्णांच्या बायकोची, माईंची, कीव करणारेही ती पडद्यावर आली की आवाज वाढवत.