गाभण जनावराची ढेप : बैलघाण्यापासून सॉल्व्हंटपर्यंत

नागपूर-वर्धा पट्ट्यात गाय गाभण असली की शेवटचे दोन महिने तिच्या खुराकात सरकी किंवा जवसाची ढेप, म्हणजे तेल काढल्यावर उरणारी पेंड, वाढवतात. सल्ला पिढ्यान्‌पिढ्या तोच आहे, ढेप मात्र बदलली आहे.

१८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली, १८७७ मध्ये एम्प्रेस ही कापड गिरणी सुरू झाली. कापसामागोमाग सरकीही मुबलक झाली, आणि ती बहुतेक अख्खीच भिजवून चारली जाई. जवस बैलघाण्यात जायचा. घाण्याच्या ढेपेत १०-१२ टक्के तेल उरायचे; एक्सपेलरमध्ये, म्हणजे दाबून तेल काढणाऱ्या यंत्रात, ते ६-८ टक्क्यांवर आले आणि सॉल्व्हंट पद्धतीत, म्हणजे रसायनात तेल विरघळवून काढले की, जेमतेम १ टक्का राहते. म्हणजे किलोभर ढेपेतून पूर्वी शंभर ग्रॅमवर तेल पोटात जायचे, सॉल्व्हंटच्या ढेपेतून दहाच ग्रॅम. प्रथिने मात्र वाढली. म्हणून ढेप घेताना ती कशी काढली हे आधी विचारावे.

अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या गाभण गाईंना तेलबिया देण्यामागे वेगळे कारण होते. मोन्टाना राज्यातल्या फोर्ट किओ पशुसंशोधन केंद्रात १९९० च्या दशकात करडई वगैरे चारून, जन्मलेले वासरू थंडी जास्त सोसते का, हे पाहिले गेले. नंतरच्या चाचण्यांत फायदा सगळीकडे सारखा दिसला नाही. आपल्याकडे अडचण थंडीची नाही. निव्वळ कुटार (भुसा) आणि कडब्यावर ताकद आणि प्रथिने कमी पडतात.

३०० किलोची गवळाऊ (विदर्भातली देशी जात) गाय दिवसाला साधारण साडेसात किलो कोरडा आहार खाते. त्यात स्निग्धांश ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे ३७५ ग्रॅमपर्यंत ठेवावा. दीडशे ग्रॅम चाऱ्यातूनच येतो. अख्ख्या सरकीत १८-२० टक्के तेल, म्हणून तिला किलोभर सरकी पुरे. पाव किलोपासून आठ-दहा दिवसांत चढवत न्यावी. जास्त झाली की शेण पातळ होते, त्यात कुटाराचे न पचलेले तुकडे दिसतात, कारण तेलामुळे पोटातले तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात.

सरकीतले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य मोठ्या जनावराच्या पोटात बरेचसे निष्प्रभ होते, लहान वासराचे पोट तेवढे तयार नसते. त्याला सरकी देऊच नये. जवस कोमट पाण्यात भिजत ठेवू नये, त्यात सायनाइड सुटते. थेट उकळत्या पाण्यात टाकून उघड्या भांड्यात शिजवावा. पावसाळ्यात ढेप फोडून आतून पाहावी. बुरशी दिसली तर ती उन्हात वाळवून किंवा शिजवूनही अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष जात नाही, टाकूनच द्यावी.