बाण नसलेला आकडा

नौपाड्यात आमच्या वरच्या मजल्यावरचे काका सहा महिन्यांत तिसऱ्यांदा ॲडमिट झाले, तेव्हा काकूंनी सगळं खापर पापडावर फोडलं. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदयाला पुरेसं रक्त ढकलता येत नाही त्या आजारात, मीठ वाईटच. पण काकांनी पापडाला हातही लावला नव्हता. आधीची दोन्ही डिस्चार्ज कार्डं शेजारी ठेवली तर एक ओळ तशीच होती: हिमोग्लोबिन ९.२, पुढे खालच्या दिशेचा बाण.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात पुरुषांत १३ आणि बायकांत १२ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे ॲनिमिया, रक्तक्षय. हार्ट फेल्युअरच्या साधारण दर तिघांत एकाला तो असतो, आणि असे रुग्ण पुन्हा दवाखान्याची पायरी जास्त वेळा चढतात. ठाणेकराला कळेल असं सांगायचं तर प्राणवायू वाहणारी बारा डब्यांची लोकल नऊ डब्यांची झाली. गर्दी तेवढीच, मग फेऱ्या वाढवा! आधीच थकलेलं हृदय जोरात पळू लागतं, मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात. पायांवर मोज्यांचे वळ उमटतात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दम लागतो.

रक्त कमी का होतं? साचलेल्या पाण्यानं ते पातळ होतं. किडनी थकली की रक्तपेशी बनवायचा निरोप हाडांतल्या मज्जेपर्यंत नीट जात नाही. ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी कधी पोटात नकळत रक्त झिरपतं. आणखी एक खोडकर आहे हेपसिडिन. अंगात दाह असला की यकृत हे संप्रेरक जास्त बनवतं आणि आतड्यातून रक्तात जाणाऱ्या लोहाची वाट अडते. म्हणजे बीट, अंजीर, गूळ आत जातात, लोह मात्र दारातच. लोहाच्या गोळ्यांचंही तेच: २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत १६ आठवडे गोळ्या घेऊनही रुग्णांची दमछाक कमी झाली नाही.

शिरेतून लोह दिलं तर? २०२०च्या ‘अफर्म-एएचएफ’ चाचणीत, लोह कमी असलेल्या रुग्णांना घरी सोडताना ते दिलं, तेव्हा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा ॲडमिट होणं घटलं. मृत्यू मात्र घटले नाहीत. उलट २०१३च्या चाचणीत लोहाऐवजी मज्जेला रक्तपेशी बनवायला लावणाऱ्या इंजेक्शननं नुसतं हिमोग्लोबिन चढवलं, तर ॲडमिट होणं कमी झालं नाहीच, रक्ताच्या गुठळ्या तेवढ्या वाढल्या. हृदयाच्या स्नायूला ऊर्जा बनवायला लोह स्वतःच लागतं, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

म्हणून तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, करायला सांगितलं. आलं ६१. लॅबच्या कागदावर त्यापुढे बाणच नव्हता, कारण निरोगी माणसाला तेवढं चालतं. हार्ट फेल्युअरमध्ये १००च्या खाली म्हणजे लोहाची कमतरता धरतात. डॉक्टरांनी पेनानं त्याभोवती गोल काढला.