व्यसनोपचारातील आंतरराष्ट्रीय सहकार्य आणि खानदेश

व्यसनाधीनतेवरील औषधे, तपासणीच्या प्रश्नावल्या, उपचारपद्धती आणि समुपदेशकांचे प्रशिक्षण यांची देशोदेशी चालणारी देवाणघेवाण, तसेच जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत पोचताना तिला येणारे रूप. इथे हे सहकार्य दिसते ते मुख्यतः छापील फॉर्म, गोळ्यांची पाकिटे आणि प्रशिक्षण घेऊन परतलेला समुपदेशक यांच्या रूपात.

दारू सोडण्याची हाक खानदेशाला बाहेरून शिकावी लागली नाही. १९२२-२३ च्या सुमारास देवीची चळवळ दक्षिण गुजरात आणि लगतच्या आदिवासी भागात पसरली. अंगात आलेली देवी दारू-ताडी सोडायला सांगे. पुढे १९३० नंतरच्या दशकात तळोदे तालुक्यात गुलाम महाराजांनी ‘आप’ पंथातून हेच सांगितले, आणि त्यांच्या मागे रामदास महाराजांनी ते काम चालवले. या चळवळींत दारू सोडायची ती सगळ्या पाड्याने मिळून. आधुनिक उपचारशास्त्र मात्र एकेका माणसाचा आजार पाहते. शपथेला एक गोष्ट ठाऊक नसते : रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवले तर हातपाय थरथरतात, फिट येते, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. केंद्रांमधले लोक याला ‘विथड्रॉल’च म्हणतात. तो मोजण्याचा जगभर वापरला जाणारा दहा मुद्द्यांचा तक्ता टोरांटोतल्या संशोधकांनी १९८९ मध्ये सुधारून प्रसिद्ध केला.

‘दारू सोडायची गोळी’ म्हणून ओळखले जाणारे डायसल्फिराम १९४८ मध्ये कोपनहेगनहून पुढे आले. जंतावरचे औषध शोधणाऱ्या दोघा संशोधकांनी ते स्वतः घेतले, वर दारू प्याले, आणि चेहरा लाल होऊन मळमळायला लागल्यावर त्यांना त्याचा गुण कळला. ही गोळी रुग्णाला न सांगता भाजीत कालवून देऊ नये : त्यावर दारू पोटात गेली तर जीव जाऊ शकतो.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस (ए.ए.) ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना अमेरिकेतल्या ॲक्रन गावी १९३५ मध्ये सुरू झाली आणि १९५७ च्या सुमारास भारतात रुजली. तिला ना फी लागते, ना डॉक्टर. म्हणून ती सर्वांत स्वस्तात प्रवास करते. बारा पायऱ्या, ‘शेअरिंग’ (बैठकीत आपला अनुभव सांगणे), ‘स्लिप’ (सोडल्यावर पुन्हा पिणे), ‘सोबर’ (न पिता राहणारा) हे शब्द त्या वाटेने मराठीत आले आणि आता कुणाला परके वाटत नाहीत.

खरी अडचण मोजमापाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दारू पिण्याचे प्रमाण तपासणारी दहा प्रश्नांची चाचणी. गुण ४० पैकी. ८ किंवा अधिक आले की धोक्याची खूण. तिच्यातला ‘एक पेग’ म्हणजे दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडे विचारायचे असते, ‘कितली पेस?’ (किती पितोस?) आणि उत्तर येते, ‘एक क्वार्टर’. १८० मिलिलिटरच्या, ४२.८ टक्के अल्कोहोलच्या त्या बाटलीत सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे सहा पेग. एका बैठकीत सहा किंवा अधिक पेग किती वेळा होतात, असे चाचणीचा तिसरा प्रश्न विचारतो. रोज ‘एकच’ घेणारा तिथे पूर्ण गुण मिळवून बसतो, आणि त्याला ते पटत नाही. मोहाच्या दारूचे तर गणितच बसत नाही. एका भट्टीची धार दुसरीसारखी नसते, भांडे ठरलेले नसते, पिणारे एकटे नसतात. त्यातली काही दारू देवाला वाहिलेली असते. ती धरायची की सोडायची, हे फॉर्म सांगत नाही. पावरी वा भिली बोलणाऱ्या रुग्णापुढे समुपदेशक जो अंदाज बांधतो, तोच शेवटी आकडा म्हणून वर जातो.

प्रशिक्षणाची साखळी लांब आहे. आशियातल्या देशांच्या विकास-सहकार्यासाठीच्या १९५१ च्या कोलंबो योजनेने १९७३ मध्ये अमली पदार्थविषयक कार्यक्रम सुरू केला. त्यातून पुढे समुपदेशकांसाठी सर्व देशांना समान अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्रे आली. संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी उपचारांची मानके २०१६ मध्ये मांडली व २०२० मध्ये सुधारून काढली. महाराष्ट्रात पुण्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र (स्थापना १९८६) प्रशिक्षणाचेही काम करते. प्रमाणपत्र प्रशिक्षणाचे तास मोजते, ते मोजायलाही हवेत, कारण मारहाण आणि कोंडून ठेवण्याला उपचार म्हणणारी केंद्रे देशात चालत आली आहेत. तरी नव्या रुग्णाचे तोंड बहुधा उघडते ते समोरचाही कधीकाळी पीत होता हे कळल्यावर.

खानदेशाला सर्वांत उपयोगी पडावा असा प्रयोग गोव्यातला आहे. ‘संगत’ संस्थेने लंडनच्या संशोधकांसह, मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशन करवले. धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांवर त्याचा चांगला परिणाम दिसला आणि निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. मानसोपचारतज्ज्ञ बहुतेक जिल्ह्याच्या गावी बसतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून तिथवर येण्यात मजुरीचा दिवस जातो. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलाही उपचार मिळतो.

मानके सांगतात की व्यसन हा पुन्हा उलटणारा, दीर्घकाळचा आजार आहे. पाठपुरावा महिनोन्‌महिने हवा. सातपुड्यातले अनेक मजूर दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जातात, आणि फॉलोअपची तारीख कागदावरच राहते. ते घरी परततात होळीला. त्याच सुमारास मोह फुलायला लागतो.